ओढ्याकडची नर वेल

आक्कांच्या कारखान्यात माल असाच आत येत नसे. कडवीच्या वेलीचे भारे गाडीतून उतरले, की ज्याने खरेदी केली त्याने वजनकाट्याशेजारी उभं राहायचं, वरच्या भाऱ्यातला एक तुकडा चावून बघायचा, भाऱ्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माल माझा." हे झाल्याशिवाय वजन होत नसे. पुढे त्या मालाचं बरंवाईट काहीही झालं तरी ते त्या माणसाच्या माथ्यावर. आक्कांच्या वडिलांनी ही रीत घातली होती आणि आक्कांनी ती डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती.

वहिनीला ही रीत एकेकाळी फार आवडायची. रसायनशास्त्र शिकून ती वरच्या तपासणीच्या खोलीत नोकरीला लागली, तेव्हा काट्याशेजारी भाऊ उभा असायचा. भाऊ म्हणजे आक्कांचा धाकटा भाऊ. तुकडा चावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ही सावलीतली आहे, उन्हातली नाही." वहिनी तोच माल यंत्रात घालायची आणि भाऊने जे सांगितलं तेच कागदावर उमटायचं. तू त्या माणसावर नाही, त्याच्या जिभेवर भाळलीस, असं बाकीचे चिडवायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मग लग्न झालं आणि ती सगळ्या कारखान्याची वहिनी झाली.

आता त्याच रीतीची नुसती आठवण झाली तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

झालं होतं ते असं. मागच्या थंडीत भाऊने आणलेल्या मालाचा अर्क कमी पडला. कडवीच्या अर्कावर तापाचं औषध होतं, आणि ज्या कडू द्रव्याने ताप उतरतो त्याचा यंत्राच्या कागदावर एक उंच सुळका येतो. त्या वेळी तो आला बुटका. वर त्याच्या शेजारी एक दुसराच सुळका उगवला, जो एरवी जेमतेम दिसायचा. पिंपांची पहिली खेप तोवर बाहेर गेलीही होती. औषधवाल्यांनी उरलेला माल परत पाठवला आणि त्यांचे खरेदीसाहेब स्वतः येऊन अंगणात उभे राहिले. आक्कांनी भट्ट्या बंद करून झाडून सगळ्यांना अंगणात बोलावलं. वहिनीला कागद घेऊन खाली यायला सांगितलं.

"वाच."

"आक्का, आपण वर बसून बोलूया का?"

"वाच म्हणते ना! मोठ्यानं वाच. घरचा माणूस म्हणून पदराखाली घातला असं उद्या कुणी म्हणायला नको."

वहिनीने वाचलं. स्वतःच्या नवऱ्याच्या मालाचा आकडा, खणखणीत आवाजात. निम्म्याहून कमी. शेजारी अनोळखी द्रव्य, भरपूर.

"काय मिसळलंस रे?" आक्कांनी भाऊला विचारलं.

"काही नाही गं आक्का. कडवीच आहे. मी चावून बघितलीय, कडूच होती."

"मग यंत्र चुकतंय? यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो, आणि हाव सुटली की मुद्दाम चुकतो."

भाऊने वहिनीकडे बघितलं. तिच्या हातात कागद होता आणि कागदावर जे होतं ते होतं. तिने मान खाली घातली. भाऊने खुंटीवरचा कोट काढला आणि तो फाटकातून बाहेर पडला. त्यानंतर त्याने त्या अंगणात पाय ठेवला नाही.

आक्कांनी एक गोष्ट मात्र एकदाही विचारली नाही. वेल कुठून आणलीस? एवढा साधा प्रश्न. भावाला चोर ठरवायची घाई असली, की असले प्रश्न सुचत नाहीत.

भाऊ घरी बसला. घरी बसलेला पुरुष एक तर घर डोक्यावर घेतो नाही तर स्वयंपाकघरात शिरतो, हा शिरला. भाजी छान करायचा. पण दर वेळी चमचा वहिनीच्या तोंडाशी धरायचा. "मीठ बरोबर आहे का बघ." ती कारखान्यातून दमून आलेली असायची. "बरोबर आहे हो," म्हणायची. एकदा तर चहात साखर घातलीय की नाही, हे त्याने तिला विचारलं. तिला वाटलं, रिकामा माणूस, काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. मधूनच म्हणायचा, "त्या पहिल्या खेपेचं औषध कुणी प्यायलं असेल गं? ताप उतरला असेल का त्यांचा?" ती म्हणायची, "तुम्ही नका डोकं शिणवू."

डोकं तीच शिणवत होती. लोकांना वाटायचं, एवढा अपमान होऊनही ही बाई त्याच आक्काच्या हाताखाली राबते, हिला काही मानपान आहे की नाही? होता ना. नको तितका होता. नोकरी सोडली असती तर आक्कांचं उट्टं काढणार कुठून? सूड उगवायचा तर जवळ राहायला लागतं, हे तिला नीट कळलं होतं. ती रोज वेळेवर यायची, आक्कांना हसून नमस्कार करायची आणि जिना चढताना दात-ओठ खायची.

तो दुसरा सुळका तिला स्वस्थ बसू देईना. फुलांचा मोसम आला तेव्हा ती कोयत्याला घेऊन निघाली. कोयत्या म्हणजे वेल कापणारा गडी; त्याला याच नावाने सगळे हाक मारत. भाऊने माल घेतला तो ओढ्याकडचा उतार तिने त्याला दाखवायला सांगितला. खरं सांगायचं तर नवऱ्याने दुसरंच काही कापलं होतं का, हेही तिला बघायचं होतं. हा संशय तिने स्वतःशीसुद्धा धड कबूल केला नव्हता.

उतार पिवळ्या फुलांनी भरून गेला होता. झुबकेच्या झुबके. तिच्या बाहीला पिवळी पूड लागली. वेल कडवीच होती, यात शंकाच नव्हती. वहिनी झुबके उलटेपालटे करून बघत खालपासून वरपर्यंत गेली आणि मटकन एका दगडावर बसली.

"काय झालं वहिनी?"

"कोयत्या, यातली एकसुद्धा मादी नाही."

कडवीत नर वेल वेगळी आणि मादी वेगळी, हे पुस्तकात असतं आणि तिनेही वाचलं होतं. कारखान्यात त्याचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं. कापणी थंडीत, तेव्हा पान नाही, फूल नाही, फळ नाही, नुसते दोरखंड लोंबत असतात. नर कुठली नि मादी कुठली, ब्रह्मदेवाला ओळखता यायचं नाही. वरच्या रानात दोन्ही मिसळून वाढायच्या, त्यातही माद्याच जास्त, मिसळून कापल्या जायच्या, सरासरी कडूपणा ठीक यायचा आणि सगळ्यांचं बरं चालायचं. पण कडवीचा तुकडा जिथे पडतो तिथे मूळ धरतो. या उतारावर कधीकाळी एक नर वेल आली असणार, तिचे तुकडे तुटून पडले असणार, आणि त्या तुकड्यांनी सगळा उतार व्यापला. एकाच घरातले सगळे पुरुष, आणि सून म्हणून एक नाही.

तिने दोन्ही जातींचे तुकडे गोळा केले. उताराच्या नर वेलींचे, वरच्या रानातल्या फुलांवरून ओळखलेल्या माद्यांचे. बाकीचे जेवायला गेले की ती यंत्र लावायची. निकाल अगदी स्वच्छ आला. मादीत ताप उतरवणारं द्रव्य भरभरून. नरात ते थोडं, आणि त्याच्याऐवजी तो दुसरा सुळका, उंचच उंच. ते द्रव्यही कडूच. नुसतं तोंड वाकडं करणारं, तापाला ढिम्म न हलवणारं. जिभेला दोन्ही सारखीच. भाऊची जीभ खरी होती. यंत्रही खरं होतं. कुणी काही मिसळलं नव्हतं.

ती उठली ती घरी धावत सुटण्यासाठी. अर्धा जिना उतरली आणि तिला खाली आक्कांचा आवाज ऐकू आला. खरेदीसाहेबांसमोर चहाचा कप ठेवत आक्का म्हणत होत्या, "आमच्याकडे सख्ख्या भावाचीसुद्धा गय नाही, साहेब. घालवला तो घालवलाच. म्हणून तर तुमच्यासारखे लोक अजून आमच्याकडे येतात." आणि हसल्या.

वहिनी जिन्यातच थांबली. भावाला हाकलल्याची फुशारकी ही बाई चहाबरोबर वाढत होती. आता जाऊन खरं सांगितलं तर काय होईल? आक्का दार लावून घेतील, डोळ्यांना पदर लावतील, "चुकलं हो माझं" म्हणतील आणि प्रकरण मिटलं. अपमान अंगणात, भट्टीवाल्यांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांसमोर. आणि माफी बंद दाराआड? छे. ज्या अंगणाने भाऊची मान खाली गेलेली बघितली, त्या अंगणाने आक्कांचीही बघायला हवी. आक्कांनी छातीवर हात ठेवून "माल शुद्ध आहे" म्हणायला हवं, आणि एकानेही विश्वास ठेवता कामा नये. भाऊला जे वाटलं ते, तसंच्या तसं.

ती वर गेली. निकालाचे कागद खाली आणून भट्टीत घातले. आकडे डोक्यात होतेच.

भाऊला सांगायचं नाही, हेही तिने त्याच दिवशी ठरवलं. त्याच्या पोटात काही राहत नसे. तो तसाच उठून बहिणीकडे गेला असता आणि सगळं मुसळ केरात घातलं असतं. एवढी थंडी येऊ दे, ती स्वतःला म्हणायची, मग एकदमच सांगू. त्याच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

तिला फारसं काही करावंही लागलं नाही. आक्का स्वतःच्या पायांनी चालत आल्या. भाऊनंतर खरेदी त्यांनी आपल्याकडे घेतली होती आणि आपल्याला वेल कळते असा त्यांचा समज होता. त्यांची परीक्षा एकच: अंगठ्याएवढी जाड असली की उत्तम. आता नर वेलीला फळं पोसायची नसतात; ती आपलं अंगच पोसत बसते. थंडी पडली तशा एक दिवस आक्का तपासणीच्या खोलीत आल्या.

"वरच्या रानातली या वेळी काडीसारखी आहे गं. जाड कुठे मिळेल?"

वहिनीने काचेची नळी पुसत पुसत सांगितलं, "ओढ्याकडच्या उतारावर बघितली होती मी. चांगली अंगठ्याएवढी आहे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. याचाच तिला जास्त आनंद झाला.

कोयत्या तेवढा घुटमळला. आक्का पुढे गेल्यावर हळूच म्हणाला, "वहिनी, हा तर भाऊंचाच उतार."

"वेल कडवीच आहे ना?"

"कडवीच की."

"मग काप. आणि तुला कुणी विचारलं नाही तर तू सांगायचं नाहीस."

कोयत्याचाही भाऊवर जीव होता. त्याने कापली आणि तोंड शिवून बसला.

भारे आले. आक्कांनी काट्याशेजारी उभं राहून तुकडा चावला, तोंड कडू झालं तशी समाधानाने मान हलवली आणि भाऱ्यावर हात ठेवला. "माल माझा." वहिनी वरच्या खिडकीत उभी होती. एवढा गोड शब्द तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

आणखी एक गोष्ट आक्कांनी स्वतःच करून ठेवली होती. मागच्या नामुष्कीनंतर त्यांनी नियमच केला होता, की नव्या मालाचा पहिला नमुना खरेदीसाहेबांसमोर काढायचा, त्यांच्यासमोर तपासायचा, आधी घरात बघायचा नाही. झाकपाक नको, सगळं उघड्यावर. इतकी सोय तर वैऱ्यानेही केली नसती.

त्या दिवशी खरेदीसाहेब आले, नमुना काढला गेला, यंत्र चाललं. साहेब वहिनीच्या मागे हात बांधून उभे होते. सुळका आला, बुटका. शेजारी दुसरा आला, उंच. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ते जिना उतरले. वहिनी कागद घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. अंगणात सगळे जमलेलेच होते. चांगला निकाल ऐकवायचा म्हणून आक्कांनीच बोलावले होते.

"वाच गं," आक्का हसत म्हणाल्या.

वहिनीने वाचलं, मोठ्याने. त्या दिवशी वाचलं होतं त्याच आवाजात. निम्म्याहून कमी. अनोळखी द्रव्य, भरपूर.

आक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. "असं कसं होईल? परत बघ."

"दोनदा बघितलं, आक्का. साहेब होते समोर."

"अहो साहेब, मी स्वतः उभं राहून कापून घेतलीय. कडवीच आहे. मी चावून बघितलीय!"

"मागच्या वेळी तुमच्या भावानेही हेच सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, की हाव सुटली की माणूस मुद्दाम चुकतो."

अंगणात कुणीतरी खोकलं. कुणीतरी पायाने माती उकरायला लागलं. आक्कांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. ज्यांना त्यांनी कामाला लावलं, ज्यांच्या लग्नकार्यांना त्या गेल्या, त्यातला एकही त्यांच्या नजरेला नजर देईना. मग त्या वहिनीकडे वळल्या. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"वहिनी, तू तरी सांग. तुझं यंत्र कुठे चुकलं असेल का?"

एका वाक्याचं काम होतं. सगळा उतार नर वेलींचा आहे, यात मिसळलेलं काही नाही. एवढं म्हटलं असतं, की आक्का सुटल्या असत्या आणि त्याच श्वासात भाऊही सुटला असता. पण त्याच वाक्याने आक्का सुटत होत्या ना! वहिनीने ते वाक्य गिळून टाकलं.

"यंत्र चुकत नाही, आक्का," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."

साहेब गाडीत बसून गेले. माल फाटकाबाहेर काढला गेला. लोक पांगले आणि आक्का रिकाम्या काट्याच्या कडेवर बसून राहिल्या. त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. वहिनी त्यांच्या शेजारून गेली तेव्हा तिची पावलं इतकी हलकी पडत होती की तिचं तिलाच नवल वाटलं.

दुपार कलायच्या आत ती घरी पोचली. भाऊ ओट्याशी उभा राहून भाजी चिरत होता. तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली, त्याला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. उतार, फुलं, दोन सुळके, आक्कांचा अंगठा, साहेबांचा टोमणा. आक्कांचा चेहरा कसा झाला ते तर दोनदा सांगितलं. बोलता बोलता ती हसायला लागली. "पांढऱ्याफटक पडल्या हो. अगदी तुमच्यासारखं. तेच शब्द, तेच अंगण!"

भाऊ ऐकत होता. त्याचा चेहरा मध्येच उजळला, "म्हणजे कडवीच होती?" असं त्याने विचारलं तेव्हा. लहान मुलासारखा उजळला. "माझी जीभ गेलेली नव्हती?"

"तुमची जीभ कशाला जाईल?"

"मला वाटलं गेली. मला काय वाटतंय ते बरोबर आहे की नाही, हेच कळेनासं झालं होतं." त्याने तळहात तोंडावरून फिरवला. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला. "फुलं कधी बघितलीस तू?"

"मोसमातच. फुलांच्या."

"उन्हाळ्याच्या आधी."

"हो. पण तुम्हाला तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही थेट आक्कांकडे..."

"उन्हाळा गेला. पावसाळा गेला," भाऊ म्हणाला. तो रागावलेला नव्हता; मनाशी जुळवत होता. "मी रोज विचार करायचो, माझ्या हातून काय आलं असेल त्या भाऱ्यात. रोज. तुझ्यासमोर बसून. आणि तुला माहीत होतं."

"तुमच्यासाठीच केलं ना मी!"

तो उठला, दाराशी गेला, चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"आक्काकडे. सांगून येतो तिला, की तिचं काही चुकलं नाही. आज रात्रभर झोपायची नाही ती."

वहिनीचा संताप उसळून वर आला. "तिच्याकडे? चारचौघांत चोर ठरवलं तिनं तुम्हाला! तुमच्या जागी मी असते तर..."

"तिनं मला चोर ठरवलं," भाऊ म्हणाला, "पण तिला माहीत नव्हतं गं. तुला माहीत होतं."

तो जिना उतरून गेला. वहिनी उंबऱ्यात उभी राहिली.